उरलेल्या तेलाचा मागोवा

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातल्या लेण्यांत एक शिलालेख आहे. तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षाचा. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी काही रक्कम कायमची ठेव म्हणून निरनिराळ्या श्रेणींकडे सोपवली, त्याची ही नोंद. श्रेणी म्हणजे कारागिरांचे संघ. ते मूळ ठेव सांभाळीत आणि तिच्या व्याजातून दानाचा हेतू चालवीत. लेखात कुलरिक येतात, म्हणजे बहुधा कुंभार. ओदयंत्रिक येतात, म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे किंवा चालवणारे. आणि तिलपिषक येतात, म्हणजे तेली. माती, पाणी आणि तेल हाताळणारे हे तीन व्यवसाय एका लेखात आले असले तरी त्यांची विद्या वेगवेगळ्या वाड्यांत वाढली आणि पुढची सतरा शतके वेगवेगळीच राहिली. जमिनीखालच्या खडकात अडकलेले खनिज तेल पाण्यात मिसळलेल्या अतिसूक्ष्म कणांच्या मदतीने सोडवण्याचे जे तंत्र आज प्रयोगशाळांत घडते आहे, त्यात या तिन्ही विद्यांना एकत्र यावे लागले. ते कसे घडले, हे आपण धाराशिव जिल्ह्यातून निघून पाहू. कारण या जिल्ह्यात तेलाची एकही विहीर नसली, तरी कुंभार, तेली आणि काळा खडक हे तिन्ही इथे जुने आहेत.

प्रथम कुंभार. तेरणा नदीच्या काठचे तेर हे प्राचीन तगर नगर होय, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार मांडले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून तगराचा उल्लेख येतो. तिथले कापड गाड्यांवरून थेट भडोचच्या बंदरात जाई. तेरच्या टेकाडांतून मिळालेला ऐवज आज तिथल्याच लामतुरे संग्रहालयात आहे आणि त्यात पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती आहेत. अशी नाजूक घडण साध्या चिखलात साधत नाही. माती पाण्यात कालवायची, जाड रेती तळाशी बसू द्यायची आणि वर तरंगत राहिलेली बारीक माती वेगळी काढायची, हा कुंभाराचा पहिला संस्कार. त्या तरंगत्या मातीतले सर्वांत बारीक कण इतके सूक्ष्म असतात की ते सहजी खाली बसतच नाहीत. पाणी त्यांना का सांभाळते, हे कोणाला माहीत नव्हते. ते सांभाळते, एवढे मात्र तेरचे संत गोरोबाकाका कुंभार यांच्या कितीतरी आधीपासून तेरच्या कुंभारांना ठाऊक होते.

मग तेली. करडई, तीळ, जवस आणि नंतर आलेला भुईमूग ही या पठारी मुलखाची गळिताची पिके. घाण्यात बी भरडले जाऊ लागले, की तेली त्यावर बेताने पाणी शिंपडतो. तेल हवे आणि पाणी कशाला घालता, असे नवख्याला वाटेल. पण पाणी घातल्याखेरीज तेल नीट सुटत नाही. बियांच्या भरडीला तेलापेक्षा पाण्याची ओढ अधिक. पाणी तिला चिकटते आणि त्या जागेवरून तेलाला हुसकावते. शिवाय घाणा कितीही फिरवला तरी पेंडीत काही तेल राहतेच, हेही तेल्याला ठाऊक होते. मराठवाड्यातल्या गिरण्यांत ही पेंड पुढे विसाव्या शतकात द्रावकाने धुतली जाऊ लागली आणि तेही तेल निघाले. खनिज तेलाचा सारा इतिहास या घाण्याच्या वळणाने गेला आहे: आधी दाबाने निघेल ते घ्यायचे, मग पाण्याने हुसकावायचे आणि शेवटी जे चिकटून बसले त्याच्यामागे लागायचे.

खडकातले तेल या भागात आले ते दिव्यासाठी. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती निजामाच्या मुलखात शिरली आणि येडशी, ढोकी मागे टाकत १९११ पर्यंत लातूरला पोचली. त्या काळात देशभर रॉकेलचे डबे खेड्यापाड्यांत जात होते आणि समईतल्या करडईच्या तेलाची जागा चिमणीतले रॉकेल घेत होते. या रॉकेलचा उगम आपल्याला १८५९ मध्ये नेतो. त्या वर्षीच्या २७ ऑगस्टला एडविन ड्रेकच्या पेनसिल्व्हेनियातल्या विहिरीला सुमारे २१ मीटरवर तेल लागले. आसामात दिग्बोईची विहीर १८८९ ची आणि तिथला शुद्धीकरण कारखाना १९०१ चा. या पहिल्या पिढीची समजूत साधी होती: भोक पाडावे, दाबाने तेल वर येते, येईनासे झाले की पंप लावावा, पंपही कोरडा पडला की विहीर संपली.

ही समजूत चुकीची आहे, असे सुचवणारा पहिला महत्त्वाचा माणूस म्हणजे भूवैज्ञानिक जॉन कार्ल. पेनसिल्व्हेनियाच्या सोडून दिलेल्या विहिरींत वरचे पाणी शिरले, की आसपासच्या विहिरींचे तेल काही वेळा वाढते, हे त्यांनी १८८० च्या अहवालात नोंदवले. विहिरीत पाणी शिरणे ही तोवर आपत्ती मानली जाई, आणि तिथल्या कायद्याने विहिरीत पाणी सोडण्याला बंदीही होती. पेनसिल्व्हेनियातल्याच ब्रॅडफर्डच्या तेलवाल्यांनी हा प्रकार पुढची कितीतरी वर्षे चोरून केला. १९२१ मध्ये बंदी उठली. मग चार विहिरींतून पाणी ढकलायचे आणि मधल्या पाचवीतून तेल घ्यायचे, अशी शिस्तशीर मांडणी आली. तेल्याचे पाणी जमिनीखाली पोचले ते असे, एक्केचाळीस वर्षे ताटकळून.

पाण्यानेही सारे तेल निघत नाही. जगभरच्या साठ्यांतून मिळणाऱ्या तेलाचे प्रमाण सरासरी एकतृतीयांशाच्या आसपास घुटमळते. उरलेले खडकातच राहते. भूगर्भात तेलाचे तळे नसते. वालुकाश्म किंवा चुनखडीच्या दाण्यांमधल्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या पोकळ्यांत ते भरलेले असते. एवढ्या अरुंद जागेत गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताणाचे राज्य चालते. पाणी मोठ्या वाटेने पुढे निघून जाते आणि बारीक गळ्यांत अडकलेला तेलाचा थेंब मागे राहतो. द्रव आणि घन यांच्या सीमेवर जो कोन होतो त्याचा नियम थॉमस यंग यांनी १८०५ मध्येच सांगितला होता. सच्छिद्र थरातून पाणी कसे वाहते याचा नियम हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा विचार करताना दिला. तेलवाल्यांना हे दोन्ही नियम एकत्र लावण्याची गरज वाटली ती विसाव्या शतकात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पाण्यात साबणासारखी द्रव्ये मिसळून पृष्ठताण पाडण्याची कल्पना पुढे आली. १९६० च्या दशकात पॉलिमर घालून पाणी दाट करणे सुरू झाले, म्हणजे ते तेलाला बगल देऊन पळणार नाही. आपल्याकडे गुजरातेत मेहसाण्याच्या जड तेलाच्या बालोल क्षेत्रात जमिनीखालीच थोडे तेल जाळून उरलेले पातळ केले गेले आणि राजस्थानच्या मंगला क्षेत्रात पॉलिमरचा मोठा प्रयोग झाला. साबण आणि पॉलिमर ही दोन्ही द्रव्ये महाग. आणि खोलवरच्या उष्णतेत, खाऱ्या पाण्यात, खडकाला चिकटून ती बरीच वाया जातात. याहून टिकाऊ काही हवे होते.

आता आपण दुसऱ्या घराण्याकडे वळू, कणांच्या. १८५७ मध्ये लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात तरंगत ठेवले, की ते पाणी माणकासारखे लाल दिसू लागले. त्यात थोडे मीठ घातले की लाल रंग जाऊन निळसर छटा येई. कण एकमेकांना चिकटून मोठे होत होते. ही मिठाची नोंद आपण जपून ठेवू, कारण दीडशे वर्षांनी ती भर समुद्रात आडवी येणार आहे. १९०३ मध्ये ऑक्सफर्डचे वॉल्टर रॅम्सडेन यांनी दाखवले की घन कण द्रवाच्या पृष्ठभागावर साचून त्याभोवती साय धरतात. १९०७ मध्ये स्पेन्सर पिकरिंग यांनी तेल आणि पाणी यांचे मिश्रण अशा कणांनी कसे टिकते यावर सविस्तर लिहिले. पिकरिंग यांचा आणि विहिरींचा काही संबंध नव्हता. ते इंग्लंडमधल्या वोबर्नच्या फळबागेत किडींवर फवारायच्या औषधांचा अभ्यास करीत होते. पॅराफिन तेल पाण्यात मिसळून फवारावे तर दोन्ही वेगळी होत. मोरचूद आणि चुना यांच्या संयोगातून बनणारे तांब्याच्या संयुगाचे बारीक कण घातले, की ती एकजीव राहत. धाराशिव-तुळजापूरकडच्या द्राक्षबागायतदाराच्या ओळखीचे बोर्डो मिश्रण याच मोरचूद-चुन्याचे. कणांनी धरलेल्या अशा मिश्रणांना पुढे पिकरिंग यांचेच नाव मिळाले, पण जवळजवळ नव्वद वर्षे त्यांची फारशी कोणी विचारपूस केली नाही. जर्मनीत वोल्फगांग ओस्टवाल्ड यांनी कलिल, म्हणजे द्रवात तरंगत राहणाऱ्या, कणांवरच्या आपल्या पुस्तकाला ‘दुर्लक्षित परिमाणांचे जग’ अशा अर्थाचे नाव दिले होते. ते सार्थच ठरले.

१९७४ हे साल या मागोव्यात दोनदा येते. त्या वर्षी जपानचे नोरिओ तानिगुची यांनी ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द पहिल्यांदा वापरला. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत, जपानमध्येच बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या सागरी रिगला मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात तेल लागले. या जागेचा सुगावा सोव्हिएत भूकंपलहरी सर्वेक्षणातून १९६० च्या दशकात लागला होता. १९७६ च्या मे महिन्यात मुंबई हाय या नावाच्या या क्षेत्राचे उत्पादन सुरू झाले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते दिवसाला सुमारे ४ लाख पिंपांवर गेले. हे तेल समुद्रतळाखाली सव्वा-दीड किलोमीटरवरच्या मायोसीन काळातल्या चुनखडीत आहे. वालुकाश्मापेक्षा चुनखडीची तऱ्हा वेगळी. तिच्या पृष्ठभागाला अनेकदा तेलाचीच ओढ अधिक असते, म्हणून नुसत्या पाण्याला ती सहज दाद देत नाही. इथेही १९८० च्या दशकात समुद्राचे पाणी गाळून आत सोडणे सुरू झाले. तरी पुढे उतार आलाच, आणि २००० नंतर क्षेत्राच्या पुनर्विकासाचे मोठे कार्यक्रम हाती घ्यावे लागले.

धाराशिवच्या वाचकाला इथे प्रश्न पडेल: समुद्राखाली तेल आहे, मग आपल्या पायाखाली का नाही? त्याचे उत्तर एका दुःखद घटनेनंतर मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवच्या सीमेवर भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली, सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर भूकंपाची कारणे शोधण्यासाठी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. वर ३३८ मीटर दख्खनचा काळा पाषाण, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा स्फटिकी खडक, अशी उतरंड निघाली. खनिज तेल शिजते ते सेंद्रिय द्रव्य गाडले गेलेल्या जाडजूड गाळात. आठ मीटरांत ते व्हायचे नाही. मुंबईच्या समुद्रातल्या खोऱ्यातही तळाला हाच काळा पाषाण आणि त्याहून जुने खडक आहेत, पण तिथे त्यावर कोट्यवधी वर्षे गाळ आणि चुनखडी साचत गेली. तिथल्या तळखडकाच्या भेगांतही काही विहिरींना तेल मिळाले आहे. भूमी एकच, फरक वरच्या पांघरुणाचा.

कण आणि तेल ही दोन घराणी एकत्र आली ती एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. २००२ मध्ये चीनच्या जू बिनशान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकाचे नॅनोकण खडकाच्या पोकळीत सोडले, तर भिंतीची तेलाची ओढ पाण्याकडे वळवता येते, असे दाखवले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे कण साधारण ५ ते ५० नॅनोमीटरचे, त्यामुळे खडकाच्या बारीक गळ्यांतून ते सहज जातात. २००३ मध्ये शिकागोतल्या दर्श वसन आणि अ‍ॅलेक्स निकोलोव्ह यांनी त्यामागचे बळ उलगडले. तेलाचा थेंब खडकाला जिथे टेकतो तिथे पाण्याची एक पाचर तयार होते. तिच्या अरुंद टोकाशी कण ओळीने रचले जातात, ती रचना बाहेरच्या बाजूने दाब देते, आणि पाचर पुढे सरकत थेंबाला खडकापासून सोडवते. घाण्यावर शिंपडलेले पाणी जे काम करी, त्याच पाण्याला इथे कणांचे बळ मिळाले. शिवाय सिलिका म्हणजे वाळूचेच द्रव्य. ते स्वस्तात बनते, उष्णतेने सहसा बिघडत नाही आणि खडकाला परके नाही. जर्मनीच्या वेर्नर श्ट्योबर यांनी १९६८ मध्ये एकसारख्या आकाराचे सिलिका कण करण्याची रीत दिलीच होती.

नंतर गती वाढली. २००८ मध्ये टेक्सास विद्यापीठात तेल कंपन्यांच्या सहभागाने या विषयासाठी एक संशोधन संघ उभा राहिला. २०११ मध्ये सौदी अरामकोने घवार क्षेत्राच्या खडकात कार्बनचे नॅनोकण सोडून ते बहुतांशी परत मिळवल्याचे जाहीर केले; असे कण जमिनीखाली टिकतात आणि फिरतात, हे त्यातून सिद्ध झाले. त्याच वर्षी बाकूच्या बघीर सुलेमानोव्ह यांनी साबणाच्या जोडीला धातूचे कण घालून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. कोलंबियात एका पावलाने पुढे जाऊन प्रत्यक्ष विहिरींवर उपचार झाले. भारतात याला पूरक जमीन तयार होत होती. पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी नॅनोकणांच्या भौतिकीचा अभ्यास रुजवला होता, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने बुरशीकडून धातूचे कण करवून घेतले होते आणि २००७ मध्ये केंद्र सरकारने ‘नॅनो मिशन’ सुरू केले. तेलाच्या बाजूने आयआयटी मद्रासमध्ये जितेंद्र संगवई आणि तुषार शर्मा यांनी सिलिका कण आणि पॉलिमर यांच्या मिश्रणावर तसेच पिकरिंग धर्तीच्या मिश्रणांवर काम केले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने वाढीव तेल काढण्याच्या पद्धतींना सवलती देणारे धोरण मंजूर केले. आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचे घटते उत्पादन सावरण्यासाठी ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने ब्रिटनच्या बीपी कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक सहकारी म्हणून निवडले.

या लांबच्या रस्त्यावर आज दोन अडथळे उभे आहेत आणि दोन्ही जुने आहेत. पहिला फॅरेडे यांचे मीठ. मुंबई हायमध्ये आत जाते ते समुद्राचे पाणी. त्या क्षारांत कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार झाकला जातो, कण एकमेकांना बिलगतात, आणि जे गळ्यातून जायचे तेच गळ्यात बूच होऊन बसतात. म्हणून कणांच्या अंगावर पॉलिमरचे कवच चढवण्याचे नाना प्रयोग चालू आहेत. दुसरा अडथळा हिशेबाचा. पाण्यात हजार भागांना एक भाग एवढेच कण घालायचे म्हटले, तरी रोज १ लाख पिंपे पाणी सोडणाऱ्या क्षेत्राला दिवसाला सुमारे १६ टन कण लागतील, आणि असे वर्षानुवर्षे. त्यामुळे पूर्ण क्षेत्र कणांच्या पाण्याने धुण्याआधी विहिरीच्या तोंडाजवळचा खडक तेवढा धुण्याकडे कंपन्यांचा कल आहे. कोलंबियातले उपचार याच प्रकारचे. जपानच्या निस्सान केमिकलने अमेरिकेतल्या विहिरींसाठी बाजारात आणलेले सिलिकाचे द्रावणही अशाच वापराचे.

या इतिहासात कल्पना आणि तिचा वापर यांत नेहमीच मोठे अंतर पडत आले आहे, आणि ते सहसा विज्ञानाच्या उणिवेमुळे पडलेले नाही. कार्ल यांचे पाणी कायद्यासाठी थांबले. पिकरिंग यांचे कण थांबले, कारण बागेतले शास्त्र आणि विहिरीतले शास्त्र एकमेकांना ओळखत नव्हते. दर वळणावर तेल सुटले ते वेगळ्या वाडीतल्या माणसाचे ज्ञान पलीकडच्याने उचलले तेव्हा. कार्ल यांच्या मापाने मोजले, तर २००३ च्या त्या पाचरीच्या उलगड्याला एक्केचाळीस वर्षे पुरी होतील २०४४ मध्ये. त्या वर्षी मुंबई हायलाही सत्तर वर्षे होतील. तेल जाळण्याची गरज तोवर किती उरेल, हा वेगळा वाद. पण जुनी क्षेत्रे पिळणे आणि नवा समुद्र खणणे यांतून निवड करायची झाली, तर पहिला पर्याय खुला राहावा एवढ्यासाठी तरी खाऱ्या पाण्यात गुठळ्या न धरणारा स्वस्त कण हवा. तो घडवायला तेल कंपनीचा अभियंता एकटा पुरणार नाही. मातीचे, रंगाचे आणि शेतीऔषधांचे कण हाताळणाऱ्यांनाही त्याच टेबलाशी बसवावे लागेल.